अक्का कोणत्या भाषेत बोलते? पूर्व भागातील एका शाळेने दाखवलेल्या बालमालिकेचे प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत एका शैक्षणिक वर्षात जे घडले, त्याची ही नोंद आहे. शाळेचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही, आणि ओळख पटेल असे किरकोळ तपशील बदलले आहेत. प्रस्तुत लेखक त्या शाळेत शिक्षक नाही. ग्रंथालय सांभाळणाऱ्या बाईंच्या विनंतीवरून तो शनिवारच्या काही तासांना मागच्या बाकावर बसला होता, आणि बाईंची टिपणवही त्याला वाचायला मिळाली.

वर्ग सहावीचा, मुले चाळीसेक. बहुतेक मुले पद्मशाली कुटुंबांतली, म्हणजे वडील यंत्रमागावर, आई किंवा आजी घरी विड्या वळणारी, आणि घरातली भाषा तेलुगू. शाळेत मराठी, गल्लीत दोन्हींची सरमिसळ, घराचा उंबरठा ओलांडला की तेलुगू, असा या मुलांचा दिवस जातो. तीन मुले अक्कलकोटकडून आलेल्या कन्नड घरांतली होती. ती वर्गात फार बोलत नसत. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

त्या वर्षी जर्मनीत नोकरीला असलेल्या एका माजी विद्यार्थिनीने शाळेला डीव्हीडींचा एक संच भेट दिला. ‘निल्स होल्गरसन’ या कादंबरीवर जपानमध्ये तयार झालेली ती ॲनिमेशन मालिका होती, आणि संचातला आवाज फक्त जर्मन होता. शाळेत जर्मन कोणालाच येत नव्हते. मुख्याध्यापकांचे पहिले मत असे होते की संच कपाटात ठेवावा आणि आभाराचे पत्र पाठवावे.

मालिका आणि मूळ पुस्तक

बाईंनी संच कपाटात ठेवला नाही याचे कारण मूळ पुस्तकाचा इतिहास हे होते. पुस्तकाच्या स्वीडिश लेखिका सेल्मा लागरलॉफ या स्वतः लांडस्क्रोना येथे दहा वर्षे मुलींच्या शाळेत शिक्षिका होत्या. १९०२ मध्ये स्वीडनमधील शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने त्यांना प्राथमिक शाळांसाठी देशाच्या भूगोलाचे वाचनपुस्तक लिहिण्यास सांगितले. त्यांनी नकाशा आणि तक्ते देण्याऐवजी एका खोडकर मुलाला हंसाच्या पाठीवर बसवून सगळा देश वरून दाखवला. पुस्तकाचे दोन भाग १९०६ आणि १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि १९०९ मध्ये लागरलॉफ यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. शाळेसाठी सांगून लिहून घेतलेले पुस्तक इतके पुढे जाते, हे पाठ्यपुस्तके हाताळणाऱ्या कोणाही शिक्षकाला अस्वस्थ करणारे आहे, असे बाईंनी वहीत लिहिले आहे.

कथा थोडक्यात अशी. दक्षिण स्वीडनच्या स्कोने प्रांतातल्या शेतावर राहणारा निल्स प्राण्यांना छळतो, घराची राखण करणाऱ्या एका बुटक्याला जाळ्यात पकडून फसवतो आणि शिक्षा म्हणून स्वतः वीतभर होतो. त्याच वेळी त्याला पशुपक्ष्यांची भाषा कळू लागते. घरचा पांढरा हंस मार्टिन रानहंसांच्या थव्यामागे उडतो, निल्स त्याच्या गळ्याला लोंबकळतो, आणि उत्तरेतल्या लॅपलँडपर्यंतचा प्रवास सुरू होतो. थव्याची म्होरकी आहे अक्का.

मालिका १९८० ते १९८१ या काळात जपानच्या एनएचके वाहिनीवर दाखवली गेली. तिचे ५२ भाग आहेत, आणि स्टुडिओ पियेरो या संस्थेची ती पहिली मालिका. ती कादंबरीला बरीच धरून आहे, परंतु दोन ठिकाणी तिने मोकळीक घेतली आहे. निल्सबरोबर एक पाळीव हॅम्स्टर, म्हणजे उंदरासारखा छोटा प्राणी, दिला आहे, जो पुस्तकात नाही. आणि स्मिरे या कोल्ह्याला पुस्तकापेक्षा बरेच अधिक काम दिले आहे. यामागचे कारण समजण्याजोगे आहे. पुस्तकात निल्सच्या मनात काय चालले आहे हे लेखिका सांगू शकते. पडद्यावर त्याला कोणाशी तरी बोलावे लागते, आणि दर आठवड्याला काही तरी संकटही लागते.

अडचण

अडचण वरवर पाहता तांत्रिक होती: चित्र आहे, पण आवाज कळत नाही. खरी अडचण दुसऱ्या शनिवारी लक्षात आली. बाईंनी जुन्या इंग्रजी भाषांतरावरून पहिल्या भागाचे मराठी निवेदन लिहिले, दूरदर्शन संचाचा आवाज बंद केला आणि निवेदन वाचून दाखवले. भाषा शुद्ध, रेखीव आणि पाठ्यपुस्तकी होती. मुलांनी चित्र पाहिले आणि निवेदनाकडे दुर्लक्ष केले. नंतर विचारले असता हंस उडाला एवढे बहुतेकांनी सांगितले. निल्स का लहान झाला हे मोजक्यांनाच सांगता आले.

एका मुलाने मात्र आपणहून आक्षेप घेतला. बाईंनी मार्टिनला ‘हंस’ म्हटले होते. मुलाचे म्हणणे असे की हंस सरस्वतीच्या पायाशी असतो, तो शेतावर चिखलात कशाला फिरेल? बाईंनी विचारले, मग बदक म्हणायचे का? दुसरा म्हणाला, बदक एवढे मोठे नसते. मग मागून एकीने सांगितले, “बाई, ते पेद्द बातु आहे.”

हा क्षण प्रस्तुत लेखकाच्या समोर घडला, आणि त्यानंतर वर्गाचा सूर बदलला. तेलुगूत बातु म्हणजे बदक, पेद्द म्हणजे मोठे. घरी पाळल्या जाणाऱ्या त्या पांढऱ्या, लांब मानेच्या, अंगावर धावून येणाऱ्या पक्ष्याला मुलांकडे तयार शब्द होता. मराठीची इथे खरोखर पंचाईत होते. सोन्याची अंडी आपल्याकडे कोंबडी घालते, तेलुगूत मात्र बातु घालते, हे मुलांनीच बाईंना सांगितले. पक्षिशास्त्राच्या मराठीत करड्या रानहंसाला कलहंस म्हणतात, आणि हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर उतरणाऱ्या, डोक्यावर काळे पट्टे असणाऱ्या हंसाला पट्टकादंब. शब्द सुंदर आहेत, पण सहावीच्या मुलाच्या तोंडात ते नाहीत.

विचारात घेतलेले पर्याय

मुख्याध्यापक, बाई आणि आणखी दोन शिक्षक यांच्या बैठकीत जे पर्याय पुढे आले, त्यांतला सर्वांत आकर्षक पर्याय एका तरुण माजी विद्यार्थ्याने सुचवला होता: मुलांच्याच आवाजात संपूर्ण मराठी डबिंग ध्वनिमुद्रित करावे आणि ते चित्रासह इंटरनेटवर टाकावे. शाळेचे नाव होईल, हा मुद्दा मुख्याध्यापकांना पटलाही. परंतु पालकांपैकी एका वकिलांचे तोंडी मत घेतले तेव्हा चित्र स्पष्ट झाले. लागरलॉफ यांचे निधन १९४० मध्ये झाले, आणि भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी साहित्यकृतीवरील हक्क संपतो. त्यामुळे मूळ कथा कोणीही सांगू शकतो. मालिका ही मात्र स्वतंत्र कृती आहे आणि तिचे हक्क तिच्या निर्मात्यांचे आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेच्या कामाचा भाग म्हणून चित्रपट दाखवण्यास सवलत आहे, पण प्रेक्षक शाळेचे विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्ती यांपुरतेच असावे लागतात. म्हणजे वर्गात दाखवणे आणि तोंडी निवेदन करणे ठीक. डबिंग करून जगासाठी खुले करणे नाही. हा पर्याय तेथेच संपला.

दुसरा पर्याय गोष्ट सोलापुरात आणण्याचा होता. निल्स भुईकोट किल्ल्यावरून उडेल, सिद्धेश्वर तलावावर उतरेल, नान्नजच्या माळढोकाला भेटेल. एका शिक्षकांनी उत्साहाने दोन भाग लिहूनही आणले. बाईंचा विरोध ठाम होता: समोर पडद्यावर बर्फ दिसत असताना कानावर माळढोक पडला, तर मुले चित्रावर विश्वास ठेवतील की शब्दांवर? शिवाय लागरलॉफ यांनी स्वीडनमधल्या मुलांना त्यांचा देश दाखवला, तसे सोलापूरचे पुस्तक कोणी लिहायचे असेल तर ते स्वतंत्रपणे लिहावे. प्रस्तुत लेखकाला हा निर्णय बरोबर वाटतो, जरी त्या दोन भागांतला नान्नजचा भाग खरोखर चांगला होता.

तिसरा पर्याय, जो अखेर स्वीकारला, असा होता: चित्र मूक ठेवून प्रत्यक्ष निवेदन करायचे, पण ते पुस्तकी मराठीत नव्हे. ५२ भागांपैकी १६ निवडायचे, मधल्या कथेचा धागा बाई तोंडी जोडतील, आणि पक्ष्यांची बोली तेलुगू असेल. हे शेवटचे कलम बाईंचे नव्हते. ते मुलांनी मागितले होते.

कार्यवाही आणि आक्षेप

रानहंस तेलुगूत बोलू लागले तसा वर्ग ताठ बसू लागला. निल्स माणसांशी मराठीत बोलायचा, हंसांशी तेलुगूत. अक्का या नावाने तर मुलांना आधीच जिंकले होते, कारण तेलुगूत, कन्नडमध्ये आणि मराठीत अक्का म्हणजे थोरली बहीण. बाईंनी शोधून काढले की हे नाव लॅपलँडमधल्या एका पर्वताचे आहे आणि तिथल्या सामी भाषेत त्याचा अर्थ म्हातारी असा होतो. हे कळल्यावर एका मुलीने सुचवले की अक्काचे बोलणे तिच्या अव्वाने करावे.

ही आजी विडी कामगार होती. रोजचा माल कारखान्यात पोहोचवल्याशिवाय तिला वेळ नसे, म्हणून शनिवारचा तास साडेआठऐवजी शाळा सुटण्याच्या सुमारास ठेवावा लागला. ती पहिल्यांदा आली तेव्हा पदराला तंबाखूचा वास होता आणि कानाने बाईंचे ऐकत असताना बोटे आपोआप पान वळल्यासारखी हलत होती. बाईंनी प्रसंग मराठीत सांगायचा, अव्वाने अक्काचे वाक्य आपल्या मनाने म्हणायचे, अशी पद्धत ठरली. पुस्तकात निल्स माणूस आहे हे कळताच अक्का त्याला थव्यातून जायला सांगते. त्या रात्री तो स्मिरेच्या जबड्यातून एका हंसिणीला सोडवतो आणि मग त्याला राहू दिले जाते. या प्रसंगाला बाईंनी तीन ओळींचे क्षमेचे वाक्य लिहून ठेवले होते. अव्वा एवढेच म्हणाली: “रा, बिड्डा.” ये, बाळा.

चौथ्या आठवड्यात आक्षेप आला. एका मुलाचे वडील, मागावर जॉबरचे, म्हणजे माग दुरुस्त करण्याचे, काम करणारे, मुख्याध्यापकांकडे आले. त्यांचे म्हणणे बाईंच्या वहीत जसेच्या तसे आहे: “पोरांनी मराठी शिकावी म्हणून इथं घातलंय, सर. आणि तुम्ही माणसांना मराठी देऊन बदकांना आमची भाषा देता काय?” त्यात दोन तक्रारी होत्या. तेलुगूवर वेळ जातो ही एक. तेलुगू जनावरांच्या तोंडी घातली ही दुसरी. मुख्याध्यापकांनी पहिली ऐकली आणि उपक्रम थांबवण्याचा विचार सुरू केला. बाईंना दुसरी अधिक गंभीर वाटली, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांचेच बरोबर होते. वर्गात आनंद आहे म्हणून अपमान झालेला नाही, असे होत नाही.

बाईंनी त्या गृहस्थांना पुढच्या शनिवारी बोलावले. त्यांनी एक भाग पूर्ण पाहिला आणि स्वतःच एक तोडगा सुचवला: उलट करा, निल्सचे आईवडील तेलुगूत बोलू देत, बाहेरचे जग मराठीत, आमच्या घरात तसेच आहे. तोडगा सच्चा होता. पण त्यात एक पेच होता, जो बाईंना आधीपासून छळत होता. पुस्तकाच्या शेवटी निल्स पुन्हा माणूस होतो आणि त्याच क्षणी त्याला पक्ष्यांची भाषा कळेनाशी होते. म्हणजे कशीही मांडणी केली तरी शेवटच्या दिवशी एक भाषा मुकी होणार. पहिल्या मांडणीत तेलुगू, दुसऱ्या मांडणीत मराठी.

अखेर मधला मार्ग निघाला. तेलुगू फक्त अक्काच्या, म्हणजे अव्वाच्या, तोंडी राहिली. बाकीचे हंस आणि माणसे मराठीत बोलू लागली, ती मराठीही मुलांनी सुचवलेली, ‘काय की’, ‘हाय की’ असलेली. हॅम्स्टरचे जर्मन आवृत्तीतले नाव चुरा या अर्थाचे आहे असे कळल्यावर मुलांनी त्याचे नाव चुरमुरा ठेवले. पुस्तकात तो नाही हेही त्यांना सांगितले गेले, आणि तेव्हापासून ‘हे पुस्तकात आहे का?’ हा प्रश्न दर शनिवारी येऊ लागला. जॉबर गृहस्थ नंतर दोनदा येऊन बसले. ते समाधानी होते असे म्हणता येणार नाही. ते विरोधात राहिले नाहीत, एवढेच.

एक तास मात्र स्वतंत्रपणे नोंदवण्यासारखा आहे. पुस्तकात पहिल्या उड्डाणात निल्स खाली बघतो तेव्हा त्याला स्कोनेची जमीन दिसत नाही, एक भलेमोठे चौकड्यांचे कापड दिसते. हळूहळू त्याला उमगते की हिरव्या चौकड्या म्हणजे राय या धान्याची शेते आणि करड्या म्हणजे गेल्या हंगामातले खुंट. बाईंनी हे वाचून दाखवताच चादरीच्या गावातली मुले खिडकीकडे धावली नाहीत. त्यांनी नेमका प्रश्न विचारला, की यात ताणा (उभे धागे) कुठला आणि बाणा (आडवे धागे) कुठला. बाईंनी फळ्यावर चौकडा काढला. शेताचे बांध ताणा आणि रस्ते बाणा, यावर वर्गाचे एकमत झाले. ओढा कशात धरायचा यावर झाले नाही.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेमुळे दोन शनिवार बुडाले. परतल्यावर बाईंनी मुलांना हिप्परग्याच्या तलावावर नेले. पट्टकादंब दिसले नाहीत. चक्रवाक दिसले, आणि काळे, पांढऱ्या कपाळाचे वारकरी. त्या पक्ष्याला हे नाव आहे हे ऐकून मुले पंढरपूरच्या दिशेला हात दाखवत हसत राहिली. अरण्य आणि पक्षी यांवर लिहिणारे लेखक मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षिकोशा’ची प्रत सोबत होती. सोलापुरात १९३२ साली जन्मलेले आणि २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले चितमपल्ली तेलुगूभाषक घरातले होते, हे बाईंनी तिथे तलावाच्या काठावर सांगितले, शाळेत नाही. ते कुठे सांगायचे याचा त्यांनी विचार केला होता.

शेवटचा भाग

शेवटी मार्टिन कापला जाणार असतो. निल्स आपल्या लहान रूपाची लाज सोडून दार ठोठावतो, आत धावतो, आणि माणूस होतो. दुसऱ्या सकाळी तो समुद्रकाठी थव्याला निरोप द्यायला जातो. अक्का त्याला ओळखते, चोचीने कुरवाळते, पण तो बोलू लागताच पक्षी बावरतात. त्यांना तो कळत नाही आणि त्याला ते. थवा उडतो तेव्हा पुन्हा अंगठ्याएवढे व्हावे असे त्याला जवळजवळ वाटते.

ठरले असे होते की अव्वा नेहमीप्रमाणे तेलुगूत बोलेल, मुलांना ते कळेल आणि निल्सला कळणार नाही. आदल्या आठवड्यापर्यंत अव्वाने होकार दिला होता. त्या दिवशी मात्र प्रसंग आल्यावर ती बोलली नाही. बाईंनी पाहिले. अव्वा म्हणाली, त्याला समजत नाही तर मी का बोलू? पडद्यावर अक्काची चोच हलत होती आणि वर्ग वाट बघत होता. बाईंनी रिमोट उचलला आणि वर्षभर बंद असलेला आवाज सुरू केला. जे ऐकू आले त्यातले वर्गात कोणाला काहीही कळले नाही. मुलांना काही समजावून सांगावे लागले नाही.

परिणाम

परीक्षेच्या गुणांशी या उपक्रमाचा संबंध जोडता येत नाही आणि शाळेने तो जोडलाही नाही. जे दिसले ते असे: मालिका संपल्यावर पुस्तकाची मागणी झाली. मराठी हस्तलिखित म्हणून फक्त बाईंची वही होती; ती वर्गात फिरली आणि तिच्या मागच्या पानांवर मुलांनी गाळलेल्या ३६ भागांपैकी काहींच्या गोष्टी स्वतः रचून लिहिल्या, मराठीत, मधून मधून देवनागरीत लिहिलेल्या तेलुगू वाक्यांसह. मुख्याध्यापकांनी ती वही शिक्षकांच्या बैठकीत दाखवली, पण पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात शनिवारचा तास ठेवला नाही.

वेगळे काय करता आले असते

पालकांशी बोलणे आक्षेप आल्यावर झाले. ते पक्षी तेलुगूत बोलणार हे ठरले त्याच आठवड्यात व्हायला हवे होते. जॉबर गृहस्थांचा तोडगा एखाद्या भागापुरता तरी करून बघता आला असता, म्हणजे मुलांना दोन्ही मांडण्या शेजारी ठेवून तोलता आल्या असत्या. अव्वाला तिच्या वेळेचा मोबदला द्यावा हे कोणाच्याही लक्षात आले नाही. शनिवारचा अर्धा दिवस म्हणजे तिच्यासाठी कमी विड्या, आणि कमी विड्या म्हणजे कमी पैसे.

सर्वांत मोठी चूक कन्नड मुलांची. तेलुगूची बाजू घेण्याच्या उत्साहात वर्गात तिसरी भाषा आहे हे वर्षभर कोणी मोजले नाही. बाईंच्या वहीतही तिचा उल्लेख शेवटून दुसऱ्या पानावर येतो. अक्का त्यांच्याही घरात अक्काच होती. स्मिरे कोल्हा, ज्याला मालिकेने एवढे काम दिले, तो बाराही महिने मराठीत बोलला. मालिका पुन्हा दाखवायची झाल्यास त्याचे बोलणे कन्नडमध्ये व्हावे असे बाईंना वाटते, पण कोल्ह्याच्या तोंडी आपली भाषा चालेल का, हे त्या तीन मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना अद्याप कोणी विचारलेले नाही.